फळा, फाटा आणि फॉरवर्ड

2024 च्या जूनमध्ये जालना जिल्ह्यातल्या वडीगोद्रीत लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसी आरक्षणाच्या बचावासाठी उपोषणाला बसले, तेव्हा माझ्या दुकानासमोर चॅनेलवाल्यांच्या इतक्या गाड्या लागल्या की पहाटे पेपरच्या गाडीला थांबायला जागा उरली नाही. ड्रायव्हरने गठ्ठा चालत्या गाडीतून फेकला, तो चिखलात पडला. वरचे अंक मी चुलीजवळ वाळवले. वाळवून तरी काय उपयोग, घ्यायला आलं कोण? मंडप माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर, आणि माझी गिऱ्हाइकं बाकावर बसून मोबाइलमध्ये वडीगोद्री बघत होती.

संपादकांचं म्हणणं, 'दर्पण'पासून रीलपर्यंत सगळा आढावा घ्या. 'दर्पण' मी सोडून देतो. 1832 ची उजळणी दर 6 जानेवारीला होते, पत्रकार दिनाची शाल घेणाऱ्यांना आणि देणाऱ्यांनाही ती पाठ आहे. मी फाट्यावरचा पेपर एजंट आणि तालुक्याचा वार्ताहर. आमच्याकडे ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात असतात, हे पुण्यामुंबईच्या वाचकाला माहीत नसेल. बातमी लिहायची, पाकिटात घालायची, वर 'प्रेस' लिहून औरंगाबादच्या एसटीत कंडक्टरच्या हवाली करायची आणि दुसऱ्या दिवशी तीच बातमी दोन रुपयांना विकायची. तेव्हा माझा आढावा या फाट्यावरून दिसतो तेवढाच.

आमच्या मराठवाड्यात बातमी एकट्याने वाचायची गोष्टच नव्हती. 1938 साली आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' साप्ताहिक काढलं ते पुण्याहून, कारण निजामाच्या राज्यात काढणं शक्य नव्हतं. बंदी आली की अंक नाव बदलून निघे. माझे वडील सांगायचे, गावात एखादाच अंक लपवून यायचा आणि तो गोठ्यात, कंदिलाच्या उजेडात वाचला जायचा. एक वाचणारा, दहा-बारा ऐकणारे. पण वडील आणखी एक गोष्ट सांगायचे, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. ऐकणाऱ्यांत एक म्हातारा होता, तो दर बातमीला 'हे तू पाहिलं का?' असं विचारायचा. वाचणाऱ्याला राग यायचा. म्हातारा तरीही विचारायचा. माझी सगळी पत्रकारिता त्या म्हाताऱ्यापासून सुरू होते.

तशा म्हाताऱ्यांनाच पुढे सरकारने एका प्रयोगात बसवलं होतं, हे फार थोड्यांना आठवतं. 1956 मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोता मंडळं बसवली. शेतीचे, गावकारभाराचे वीस कार्यक्रम. आठवड्यातून दोनदा अर्धा तास ऐकायचं आणि ऐकून झालं की उठायचं नाही. बोलायचं. पटलं नाही तर का नाही ते सांगायचं. त्यातून निघालेले प्रश्न केंद्राकडे जायचे. प्रयोगाचा अभ्यास टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने केला आणि पॉल न्यूरथ यांनी त्यावर लिहिलं. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद संस्थानातून निघालेल्या राज्यात होता, द्विभाषिक मुंबई राज्यात आला तो त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला. म्हणून आमच्या वाट्याला तो प्रयोग आला नाही, आणि त्याची हळहळ मला अजून आहे. प्रसारमाध्यमांवर परिसंवाद घेणाऱ्या कितीतरी प्राध्यापकांना मी या प्रयोगाबद्दल विचारलं. त्यांना अमेरिकेतल्या सगळ्या निवडणुकांतला ट्विटर माहीत होता.

जे सरकारने दिलं नाही ते मी खडूने करून पाहिलं. फाट्यावर, एसटी थांबते तिथे, सहा फूट बाय चार फूट फळा लावला. सकाळी सात-पाचच्या प्रादेशिक बातम्या ऐकायच्या, गठ्ठ्यातले पेपर चाळायचे आणि आठच्या आत आठ-दहा ओळी लिहायच्या. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी कधी सुटणार. उसाला काय भाव. तहसीलला कोणता अर्ज कधीपर्यंत. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट मी रिकामी ठेवायचो. तिथे ज्याला बातमी चुकीची वाटली त्याने खडू घेऊन लिहायचं, एवढाच नियम. पहिले सहा महिने तिथे फक्त शिव्या लिहिल्या गेल्या, नंतर मात्र लोक कामाला लागले. 'पाणी सुटलं म्हणता, आमच्या चारीला नाही.' 'मयत झालेला माणूस जिवंत आहे, मी भेटलो.' ही दुसरी चूक माझी होती. चार दिवस मी फळ्यासमोरून मान खाली घालून गेलो.

जुन्याचं गुणगान करणाऱ्यांत मला बसवू नका. माझ्या वयाचे काही लेखक दर दिवाळीला लिहितात की मोबाइल येईपर्यंत खेडं सुखाने नांदत होतं. हे लोक 1978 साली कुठे होते? 27 जुलैला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा, नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. तेव्हा कुणाच्या खिशात फोन नव्हता. अफवा एसटीच्या लाल डब्यात बसून आली, तिकीट काढून. आणि पेपर? ज्या 'मराठवाडा' दैनिकावर, अनंत भालेरावांच्या अग्रलेखांवर आमचा पिंड पोसला, तेच नामांतराच्या विरोधात उभं होतं. भालेरावांचं गद्य मला अजून आवडतं आणि ती भूमिका मला तेव्हाही पटली नाही. गोठ्यातला म्हातारा त्या आठवड्यात आमच्या गावोगावी गप्प बसला होता, हे कबूल करायला हवं. हे प्रकरण मिटायला 14 जानेवारी 1994 चा नामविस्तार यावा लागला.

बातमी बिघडायलाही मोबाइलची वाट पाहावी लागली नाही. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत 'अशोकपर्व' या मथळ्याखाली तत्कालीन मुख्यमंत्र्यांची स्तुती वेगवेगळ्या पेपरांत निघाली, शब्द न् शब्द तोच. पी. साईनाथ यांनी ते उघडकीला आणलं. पुढे निवडणूक आयोगाने खर्चाच्या हिशेबावरून नोटीस काढली, 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. कायद्याचं ते कायद्यापाशी. पण एजंट म्हणून मी त्या सकाळी तिन्ही गठ्ठे सोडले आणि तीन पेपरांत एकच मजकूर बघितला, तेव्हा उजव्या चौकटीत कुणी काही लिहायच्या आत मीच लिहिलं: 'आज एकच पेपर घ्या, बाकीचे पैसे वाचवा.' त्या काळात वार्ताहरावर जाहिरातीचं लक्ष्य लादलेलं असायचं. दिवाळी पुरवणीसाठी ज्या सरपंचाकडून शुभेच्छांची जाहिरात आणायची त्याच सरपंचाच्या रस्त्याची बातमी कशी लिहायची, हे मला कुणी शिकवलं नाही. ज्या पेपरचा मी वार्ताहर होतो त्याने माझ्या दोन बातम्या दाबल्या आणि त्याच जागी जाहिराती छापल्या. त्या पेपरचं नाव इथे घेत नाही.

मग 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं. पुढच्या दोन वर्षांत माझे अंक निम्म्यावर आले. रस्ता चौपदरी झाला तेव्हा फळाही गेला. नवीन लावायला जागा मिळाली नाही, आणि खरं सांगायचं तर कुणी मागितलीही नाही.

राईनपाडा मी विसरू शकत नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं हे गाव. 1 जुलै 2018, आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी, मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज आधीपासून फिरत होते. पाच जणांना जमावाने ठेचून मारलं, तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटवर पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाच माणसं आणि पाच फॉरवर्ड, हा हिशोब कुणी मुद्दाम केला नसेल, पण मला तो दिसतो. डवरी गोसावी आमच्या फाट्यावरही येत, सुगी झाल्यावर, वर्षानुवर्षं. त्यांना ओळखणारं एखादं माणूस प्रत्येक बाजारात असतंच. त्या दिवशी तिथे असं माणूस असेल तर त्याचा आवाज कुणाच्या कानावर गेला नाही.

कायद्यांचा भाग उरकून टाकतो. 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या दोन ओळींसाठी अटक झाली. त्या निमित्ताने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-अ सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 24 मार्च 2015 ला रद्द झालं. पुढे सरकारने स्वतःच खरं-खोटं ठरवणारा कक्ष काढायचं ठरवलं, तो नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये फेटाळला. दोन्ही निकाल चांगले. बाकीचं वकिलांनी लिहावं.

आता फाट्यावर परत येतो. 29 ऑगस्ट 2023 ला मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी अंतरवाली सराटीत उपोषणाला बसले, 1 सप्टेंबरला लाठीमार झाला आणि ज्या गावाचं नाव जालन्यातही नीट ठाऊक नव्हतं ते देशभर गेलं. गावकऱ्यांच्याच मोबाइलमधून गेलं. मोबाइल नसता तर ती बातमी माझ्या पाकिटातून, एसटीने, दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर गेली असती. हे मी मान्य करतो. त्यानंतर जे झालं त्याने मी थक्क झालो. न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि ज्यांनी कधी सातबारा नीट वाचला नव्हता ती पोरं खासरा पत्रक, पाहणी पत्रक, हैदराबाद गॅझेटियर असे शब्द बोलू लागली. मोडीतले, उर्दूतले कागद मोबाइलवर घेऊन माझ्याकडे यायची, 'काका, हे काय लिहिलंय?' मी त्यांना शहागडच्या एका उर्दू जाणणाऱ्या म्हाताऱ्याकडे धाडायचो. तो चष्मा पुसून वाचायचा, आणि जिथे नोंद नाही तिथे 'नाही' म्हणायचा. पोरांना आवडायचं नाही, पण ती ऐकून घ्यायची.

पुढच्या जूनमध्ये, अंतरवालीपासून थोड्याच किलोमीटरवर, वडीगोद्रीचा मंडप उभा राहिला. 13 जूनपासून 22 जूनपर्यंत. तिथेही कागद होते. मंडल आयोग, इंद्रा साहनी खटला, पन्नास टक्क्यांची मर्यादा, 5 मे 2021 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. ज्या पोरांना मी दहावीच्या गाइडपलीकडे काही वाचताना पाहिलं नव्हतं ती निकालपत्रातले परिच्छेद सांगत होती. दोन्ही मंडपांत लोक इतकं शिकत असताना मी आनंदात असायला हवं होतं. पण माझ्या बाकावर दोन मित्र बसायचे, एकाच शाळेतले. एकाच्या कानात अंतरवालीच्या बाजूचं लाइव्ह, दुसऱ्याच्या कानात वडीगोद्रीचं. एका कटिंगचे दोन भाग करून प्यायचे आणि बोलायचे काहीच नाहीत. मी एकाला विचारलं, त्या बाजूचं एकदा बघतोस का? म्हणाला, 'मला तसलं येतच नाही काका.' खोटं बोलत नव्हता. माणूस जे बघत थांबतो तेच ते यंत्र पुन्हा पुढे आणतं. त्याच सप्टेंबरात दोन्हीकडे पुन्हा उपोषणं झाली, रस्त्यावर पोलीस आले. ते दोघं मित्र बाकावर यायचे बंद झाले.

मोबाइलने खेड्याला आवाज दिला असं लिहिणारे जे दुसऱ्या बाजूचे विद्वान आहेत, त्यांनी एकदा या बाकावर बसून जावं. आवाज दिला, हे खरंच. संतोष देशमुख या बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचाचा 9 डिसेंबर 2024 ला खून झाला. दोषारोपपत्रातली छायाचित्रं मार्च 2025 मध्ये मोबाइलवरून लोकांसमोर आली आणि दुसऱ्याच दिवशी एका मंत्र्याचा राजीनामा झाला. पेपरच्या शंभर अग्रलेखांनी ते झालं नसतं. पण बोलण्याइतकंच ऐकून घ्यायला आणि मध्येच 'हे तू पाहिलं का?' म्हणायलाही कुणीतरी लागतं, आणि त्याची सोय कुठल्याही कंपनीने केलेली मला दिसत नाही.

त्याआधी, 26 फेब्रुवारी 2024 ला, मराठा आंदोलनामुळे आमच्या अंबड तालुक्यात संचारबंदी लागली, जालना, बीड आणि संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट बंद झालं. सरकारने बातमीची वाट अडवावी हे मला मुळीच मान्य नाही. पण त्या दिवशी एक गंमत घडली. माझा साधा फोन दिवसभर वाजत राहिला. 'काका, तुमच्याकडे काय खबर?' घरात बसून मला जेवढं दिसत होतं तेवढं मी सांगत गेलो: रस्ता रिकामा आहे, पोलिसांच्या गाड्या दोन गेल्या, बाकी मला माहीत नाही. संध्याकाळपर्यंत तीस-चाळीस जणांना मी 'मला माहीत नाही' हे सांगितलं असेल. कुणी रागावलं नाही. नेट परत आलं आणि फोन थांबला.

गाऱ्हाणं खूप झालं. आता वाचकाला एक काम सांगतो. केंद्र सरकारचं ई-ग्रामस्वराज नावाचं संकेतस्थळ आहे. त्यावर प्रत्येक ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च दिसतो. मंडपाचं लाइव्ह तासन् तास बघणाऱ्या पोरांना मी ते उघडायला लावलं, तर एकालाही ते असल्याचं ठाऊक नव्हतं. आमच्या भागातल्या एका गावी त्यातली यादी छापून ग्रामसभेत वाचली, तेव्हा एका गटाराचा खर्च ऐकून बायका हसायला लागल्या. ते गटार गावात नव्हतं. माहितीच्या अधिकारात अर्ज करून, महिनाभर थांबून जे कळलं असतं ते मोबाइलवर पाच मिनिटांत मिळालं. फरक एवढाच की या वेळी ते सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचलं गेलं. पुढच्या सभेपर्यंत गटार खोदून झालं होतं.

तुमच्या गावाची यादी उतरवून घ्या. देवळाची, शाळेची, कुठलीही भिंत काळी करून त्यावर लिहा आणि उजव्या कोपऱ्यात एक चौकट रिकामी सोडा. खडू माझ्याकडे पडून आहेत, दोन खोकी. दुकान पहाटे साडेपाचला उघडतं.