अहो, सातच किलोमीटर तर जास्त होते!

मोबाइलवर संदेश येतो. गाडी क्रमांक एमएच-०८ ने सुरू होणारा, गुन्हा वेगमर्यादेचं उल्लंघन, मर्यादा ६०, नोंदलेला वेग ६७, दंड दोन हजार. माणूस आधी आकडे परत वाचतो आणि मग म्हणतो, "सात किलोमीटरला दोन हजार?" हा प्रश्न हातखंब्याच्या तिठ्यावर चहा घेताना विचारला, तर चार जण चार सल्ले देतात. दहा टक्क्यांपर्यंत माफ असतं. लोकअदालतीत निम्म्यात मिटतं. मशीन खोटं दाखवतं. भरूच नकोस, सहा महिन्यांनी आपोआप जातं. प्रत्येक सल्ल्यात कुठेतरी सत्याचा एक कण असतो, म्हणूनच तो टिकतो. पण चलन कणावर मिटत नाही.

दहा टक्क्यांच्या सवलतीपासून सुरुवात करू, कारण ती सगळ्यात लोकप्रिय आहे. ती बहुधा ब्रिटनमधून आली असावी. तिथल्या पोलीस प्रमुखांच्या मार्गदर्शक सूचनेनुसार मर्यादेच्या दहा टक्के अधिक दोन मैल एवढ्या वेगापर्यंत सहसा कारवाई होत नाही. तिथेही तो कायदा नाही, पोलिसांनी स्वतःला घालून घेतलेला संकेत आहे. जर्मनीत मोजलेल्या वेगातून तासाला १०० किलोमीटरपर्यंत ३ किलोमीटर आणि त्यापुढे तीन टक्के वजा करतात. आपल्याकडच्या मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८३ मध्ये अशी सूट लिहिलेली नाही. कलम ११२ खाली ठरलेली मर्यादा ओलांडली की गुन्हा झाला. यंत्र लावताना थोडी मोकळीक ठेवली जाऊ शकते, पण ती यंत्र चालवणाऱ्याची सोय आहे, तुमचा हक्क नव्हे.

रकमेबद्दलची तक्रार मात्र मला रास्त वाटते. सात किलोमीटर जास्त आणि सत्तर किलोमीटर जास्त, दोघांना दंड सारखाच. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये आणि मध्यम व जड वाहनाला २००० ते ४००० रुपये दंड आहे. किती ओलांडलं यावर टप्पे नाहीत. महाराष्ट्राने हे नवे दर लगेच उचलले नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये तडजोड शुल्क, म्हणजे कोर्टात न जाता भरायची रक्कम, वाढवलं, तेव्हापासून मोटारीला २००० आणि दुचाकीला १००० रुपये भरावे लागतात. ब्रिटनमध्ये थोडंच ओलांडणाऱ्याला दंडाऐवजी वेग-जागरूकता वर्गाला बसण्याचा पर्याय मिळतो. आपल्याकडे थोड्या चुकीला थोडी शिक्षा हे तत्त्व वेगाच्या बाबतीत कायद्याने मान्य केलेलं नाही. ते बदलायला हवं असं मी म्हणेन. पण बदलेपर्यंत चलन आहे तसंच आहे.

आता "माझा काटा तर साठावरच होता" या वाक्याकडे येऊ. काट्याचं गणित उलटं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमानुसार गाडीचा वेगमापक खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू शकत नाही, जास्त मात्र दाखवू शकतो. तेही खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत. म्हणजे खरा वेग ६० असताना काटा ७० वर टेकला तरी तो नियमात बसतो. बहुतेक गाड्यांचे काटे थोडे पुढेच धावतात. यंत्राने ६७ टिपला असेल, तर तुमच्या काट्यावर बहुधा सत्तरीच्या आसपास आकडा दिसत होता. अपवाद एकच. कंपनीने दिले त्याहून मोठ्या व्यासाचे टायर बसवले असतील, तर चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं आणि काटा मागे राहतो. ज्यांनी जीपला जाडजूड टायर चढवून घेतले आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं.

"मशीन खोटं दाखवतं" म्हणणाऱ्यांनी ते मशीन कसं मोजतं हेही बघावं. पोलिसांची लेझर गन अवरक्त किरणांचे स्पंद गाडीवर सोडते आणि ते परत यायला किती वेळ लागला हे मोजते. सेकंदात असे शेकडो स्पंद गेले की अंतर किती वेगाने घटतंय हे कळतं. रडार वेगळ्या तत्त्वावर चालतं, परत आलेल्या लहरीची वारंवारता बदललेली असते, त्यावरून वेग काढतं. दोन्हींत कोनाचा फरक पडतो. गन रस्त्याच्या कडेला, वाकडी धरलेली असेल तर मोजलेला वेग खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणजे ही चूक चालकाच्या बाजूची असते. यंत्र बिघडू शकतं, चुकीची गाडी टिपू शकतं, ते मान्य. पण "कोन चुकला म्हणून जास्त आला" हा युक्तिवाद उभाच राहत नाही.

यंत्राचा भरवसा कशावर ठेवायचा, हे ठरवणारा नियम मात्र सामान्य वाहनधारकाला फारसा माहीत नसतो. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. त्यानुसार वेग मोजणारा कॅमेरा असो, लेझर गन असो की पोलिसाच्या अंगावरचा कॅमेरा, प्रत्येक यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दर वर्षी नवं करावं लागतं. अशा यंत्रांच्या पट्ट्याआधी ठळक पाटी लावण्याची जबाबदारी राज्य सरकारची आहे. चलनासोबत गाडीची नंबरप्लेट आणि गुन्हा स्पष्ट दाखवणारा फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण, कायद्याचं कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हे सगळं असायला हवं. गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस पाठवायची आहे. जुन्या कायद्यातली एक तरतूदही याला जोडून वाचावी. कलम १८३(३) म्हणतं की "मला वाटतं गाडी जोरात होती" एवढ्या एका साक्षीदाराच्या मतावर कोणालाही दोषी ठरवता येत नाही, त्या मतामागे यंत्राचं मोजमाप लागतं. त्यामुळे शिपायाने स्वतःच्या मोबाइलवर टिपलेल्या फोटोवरून वेगाचं चलन टिकत नाही. खासगी मोबाइलवर फोटो काढून चलन करू नये, असा आदेश जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयानेही काढला.

इथे खरी गंमत आपल्या महामार्गाची आहे. रत्नागिरी शहर नियमातल्या दहा लाख लोकवस्तीच्या शहरांच्या यादीत नाही, त्यामुळे "हे कॅमेरे मुंबई-पुण्यासाठी" असं अनेकांना वाटतं. नियमात मात्र राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवरचे धोक्याचे पट्टेही आहेत आणि आपल्या जिल्ह्यातून तर मुंबई-गोवा ६६ आणि कोल्हापूरकडे जाणारा १६६ असे राष्ट्रीय महामार्ग जातात. केंद्राने एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत मोटारीसाठी कमाल मर्यादा दिल्या होत्या. मधोमध दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, इतर रस्त्यांवर ७०. हे आकडे पाठ करून लोक बेफिकीर होतात. पण कलम ११२ प्रमाणे राज्य सरकार किंवा त्याने नेमलेलं प्राधिकरण कोणत्याही टप्प्यावर याहून कमी मर्यादा ठरवू शकतं, आणि रस्त्यावरची पाटी तेच सांगत असते. कशेडी, भोस्ते, परशुराम यांसारख्या घाटांत, चिपळूण-संगमेश्वरच्या वस्त्यांत, कामासाठी वळवलेल्या रस्त्यांवर ही कमी मर्यादाच लागू होते. "चौपदरी झालाय म्हणजे शंभर" हा समज म्हणूनच महागात पडतो.

आणि कबूल करायलाच हवं, ज्या रस्त्याच्या चौपदरीकरणाचं काम वर्षानुवर्षं चाललंय, तिथे पाटी हाच सगळ्यात कमकुवत दुवा आहे. एका पुलाआधी ३०, पुढे दोन वळणांनी पुन्हा मोकळा रस्ता, पण निर्बंध संपल्याची पाटीच नाही, किंवा असलीच तर करवंदीच्या जाळीत. पावसाळ्यात शेवाळ चढलेली. वेगाचं चलन लढवायचं असेल तर यंत्रावर राग काढण्यापेक्षा त्या ठिकाणी पाटी दिसत होती का, हे दोन दिवसांत जाऊन फोटो काढून ठेवणं जास्त उपयोगी आहे. फोटोत रस्त्यावरचा किलोमीटरचा दगड यायला हवा. "तिथे पाटी नव्हती" असं नुसतं तोंडी सांगण्याला वजन नसतं.

सात किलोमीटरने काय फरक पडतो, याचं उत्तर मात्र भावनेत नाही, गणितात आहे. कोरडा रस्ता, चांगले ब्रेक, चालकाला प्रतिक्रिया द्यायला एक सेकंद, आणि हिशेबाच्या सोयीसाठी सातऐवजी दहाचा फरक, असं धरू. ५० च्या वेगातली गाडी साधारण २८ मीटरमध्ये थांबते. ६० च्या वेगातली साधारण ३६ मीटरमध्ये. आता ५० वाली जिथे थांबली, बरोबर तिथेच शाळेतून सुटलेलं पोर उभं आहे असं समजा. ६० वाली गाडी तिथे पोचते तेव्हा तिचा वेग अजून तासाला जवळजवळ ४० किलोमीटर असतो. गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वरचा थोडा वेग खालच्यापेक्षा जास्त घातक ठरतो. आणि हा हिशेब कोरड्या रस्त्याचा आहे. जुलै-ऑगस्टमधल्या ओल्या उतारावरचा तो नव्हे.

एक मुद्दा खासगी बसवाल्यांचा. गणपतीत मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना "पहाटे पाचला रत्नागिरीत सोडतो" असं वेळापत्रक छापलेलं असतं. कलम १८३(४) म्हणतं की मर्यादा न ओलांडता ते पाळणं शक्यच नसेल असं न्यायालयाला वाटलं, तर ते छापणारा मालकच प्रथमदर्शनी गुन्ह्यात येतो. म्हणजे चालकाला पळवणाऱ्या मालकाची जबाबदारी कायद्याने १९८८ सालीच लिहून ठेवली आहे. ती वापरलेली फारशी दिसत नाही, ही वेगळी गोष्ट.

आता उरलेले सल्ले पटापट बघू. सहा महिन्यांनी चलन आपोआप बाद होतं, या समजामागे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१४ आहे. फक्त दंडाच्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला सहा महिन्यांची मुदत आहे, हे खरं. पण ही मुदत न्यायालयाला आहे. प्रकरण त्याआधी न्यायालयात गेलं असेल तर ती तुमच्या कामाची नाही, आणि पोर्टलवरची थकीत नोंद काही स्वतःहून पुसली जात नाही. गाडी विकताना ती समोर येते. लोकअदालतीत निम्मं माफ होतं, हा समज कर्नाटकात फेब्रुवारी २०२३ मध्ये दिलेल्या पन्नास टक्के सवलतीतून पसरला असावा. ती तिथल्या सरकारची योजना होती. लोकअदालत तडजोड करते, टक्केवारी आधीच ठरलेली नसते, आणि तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही. दुसऱ्यांदा सापडलं की तुरुंग, हेही चूक. कलम १८३ मध्ये तुरुंगवास नाही, मात्र दुसऱ्यांदा परवाना जप्त होऊ शकतो. तुरुंगाची तरतूद धोकादायक ड्रायव्हिंगच्या कलम १८४ मध्ये आहे, आणि दोन्ही गुन्हे वेगळे आहेत.

"गाडी मी चालवतच नव्हतो" हे म्हणणं अनेकदा खरं असतं. भाच्याने लग्नाला नेली, मित्राने गणपतीपुळ्याला. चलन मात्र नोंदणीकृत मालकाच्या नावे येतं आणि कलम १३३ प्रमाणे चालक कोण होता हे सांगण्याची जबाबदारी मालकाची आहे. गाडी विकली पण नाव बदललं नाही, तरीही नोटीस तुमच्याच दारात येणार. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका अपघाताच्या भरपाईच्या प्रकरणात नोंदणीत नाव असलेलाच मालक मानला. म्हणून विक्रीची चिठ्ठी खिशात ठेवण्यापेक्षा परिवहन कार्यालयात नाव बदलून घेणं महत्त्वाचं.

आणि नोटीस मिळालीच नाही असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत ती गेलेली असते, फक्त वेगळ्याच मोबाइलवर. गाडी घेताना एजंटाने किंवा शोरूमने स्वतःचा क्रमांक टाकलेला असतो. तो क्रमांक वाहन पोर्टलवर बदलता येतो. चलन तपासायचं तर राज्य वाहतूक पोलिसांच्या किंवा परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन गाडी क्रमांक टाकावा. ही संकेतस्थळं 'डॉट जीओव्ही डॉट इन' ने संपतात. संदेशातल्या लिंकवरून, त्यातही 'एपीके' फाइल उतरवायला सांगणाऱ्या संदेशावरून, काहीही उघडू नये. चलनाच्या नावाने पाठवलेल्या अशा फाइलमधून बँकेचं खातं रिकामं करण्याचे प्रकार राज्यात झालेले आहेत.

तर क्रम असा ठेवावा. आधी चलनावरचा फोटो उघडा. नंबरप्लेट तुमचीच आहे का, गाडीचं मॉडेल आणि रंग जुळतो का, वेळेला तुम्ही तिथे होता का, मर्यादा आणि मोजलेला वेग दोन्ही लिहिले आहेत का, हे बघा. बनावट नंबरप्लेटवर दुसरीच गाडी धावत असण्याची शक्यता कमी नाही, आणि फोटोतल्या दिव्यावरून, पत्र्याच्या ओरखड्यावरून ती ओळखता येते. काही चुकलं असेल तर महाट्रॅफिक अॅपवर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. सगळं बरोबर असेल तर चलनावर दिलेल्या मुदतीत पैसे भरा आणि पावती पीडीएफमध्ये ठेवा. नोंदणीतला मोबाइल क्रमांक मात्र चलन येण्याची वाट न बघता आजच तपासून घ्या.