टर्बोच्या पुढची नळी

इंजिनातून बाहेर पडणारा धूर म्हणजे निव्वळ टाकाऊ पदार्थ, अशी आपली समजूत असते. परंतु त्या धुरात उष्णता व दाब यांच्या रूपाने बरीच शक्ती शिल्लक असते. त्या शक्तीने चाक फिरवून इंजिनात जादा हवा कोंबावी, या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ साली घेतले. आजचा टर्बोचार्जर तो हाच.

टर्बाइनमधून सुटलेला वायू ज्या नळीत प्रथम शिरतो, तिला ऑस्ट्रेलियातील मोटारशौकीन ‘डम्प पाइप’ म्हणतात. निस्सान स्कायलाइनसारख्या गाड्यांची ही नळी बदलण्याची तेथे मोठी हौस आहे. पण निवड कोणत्या तत्त्वावर करावी?

टर्बाइन चालते ते तिच्या अलीकडील व पलीकडील दाबांच्या गुणोत्तरावर. समजा, अलीकडे २ बार व पलीकडे १.२५ बार दाब आहे, गुणोत्तर १.६ झाले. पलीकडचा दाब १.१ वर आणला तर तेच १.८ च्या वर जाते. म्हणजे पुढची वाट जितकी मोकळी, तितके चाक लवकर वेग घेते. अडीच इंचांऐवजी तीन इंच व्यासाची नळी घेतली, तर क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढते.

मात्र व्यास हा अर्धाच प्रश्न. दाब हवा तेवढा झाला की वेस्टगेट नावाची झडप उघडते आणि काही वायू टर्बाइनला वळसा घालून जातो. हे दोन प्रवाह कोठे मिळवायचे, यावरून नळीचे तीन प्रकार पडतात. पहिला रुंद तोंडाचा: करायला सोपा व स्वस्त, पण आडवा येणारा वायू गरगरत्या मुख्य प्रवाहात भोवरे निर्माण करतो. दुसऱ्यात मधे पडदा असतो. तो टर्बाइनच्या तोंडाशी नीट टेकला पाहिजे, आणि झडप उघडताना त्यावर आदळता कामा नये. तिसऱ्यात वेस्टगेटची नळी स्वतंत्र असून पुढे जाऊन मिळते. प्रवाह उत्तम, परंतु तापून प्रसरण पावणारे जोड तडकण्याचा धोका. तीच नळी उघड्यावर सोडली तर कर्णकर्कश आवाज होतो. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतील फेरफारांवर बंधन घालते, हेही ध्यानात असावे.

एक इशारा. नळी फार मोकळी आणि वेस्टगेट लहान, अशी जोडी जमली तर झडप पूर्ण उघडूनही दाब चढतच राहतो. मग इंधन कमी पडते, इंजिन ठोके देते, आणि प्रसंगी पिस्टन वितळतो. म्हणून नळी बदलल्यावर दाबमापकाकडे पाहिल्याशिवाय गाडी दामटू नये.

रोजच्या वापराला नीट घडवलेली रुंद तोंडाची नळी बहुधा पुरते. दाब आवरत नसेल तर पडद्याची किंवा स्वतंत्र नळीची घ्यावी. वाट मोकळी हवी खरी, पण लगामही हाती हवा.