कडक कुठे राहायचं, सैल कुठे सोडायचं

जिममध्ये नाव घातलं की पहिल्या आठवड्यातच हातात दोन कागद येतात. एक व्यायामाचा: सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, असं करत शनिवारपर्यंत सगळे वार भरलेले. दुसरा डाएटचा: अंड्याचा फक्त पांढरा भाग, उकडलेली ब्रोकोली, भात बंद, साखर बंद, तेल जवळजवळ बंद. ज्या घरात पाच माणसांचा स्वयंपाक एकाच ओट्यावर होतो, तिथे हा दुसरा कागद किती दिवस टिकणार? नव्याचे नऊ दिवस सरतात, मधेच कुणाचं बारसं येतं, श्रीखंड-पुरी खाल्ली जाते, आणि ‘आता मोडलंच’ म्हणून डाएटबरोबर जिमही सुटतं. वजन उचलण्याचा व्यायाम म्हातारपणापर्यंत सोबत करणारा आहे. तो अशा कारणाने सुटावा, याचं मला फार वाईट वाटतं. नवशिक्याला इतक्या कडकपणाची गरजच नसते. तीन-चार गोष्टींत मात्र त्याने अगदी काटेकोर राहायला हवं, आणि त्या गोष्टी या कागदांवर सहसा लिहिलेल्या नसतात.

नवशिक्याचं शरीर थोडक्या कष्टांनाही भरघोस प्रतिसाद देतं. पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते, पण दंड काही त्या मानाने भरत नाहीत. मोरितानी आणि डी-व्रीस या संशोधकांनी १९७९ साली याचं कारण दाखवून दिलं. सुरुवातीची वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते. आहे त्याच स्नायूकडून जास्त काम करून घ्यायला मेंदू शिकत असतो. स्नायूची जाडी त्यानंतर वाढते. हे शिकणं आठवड्यातून दोन-तीन दिवसांत उत्तम होतं. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २००९ साली नवशिक्यांसाठी सांगितलं तेही हेच: आठवड्याला दोन ते तीन दिवस, दर वेळी सगळ्या शरीराचा व्यायाम, आणि जे वजन ८ ते १२ वेळा उचलता येईल तेवढंच वजन.

‘तीन सेट, दहा रेप्स’, म्हणजे दर फेरीत दहा वेळा अशा तीन फेऱ्या, हा जगभरच्या जिममधला पाढा आला कुठून, हेही इथे सांगण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेले सैनिक शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात येत. तिथे थॉमस डीलॉर्म हा तरुण डॉक्टर होता. किशोरवयात संधिवाताचा ताप येऊन अंथरुणाला खिळलेला हा मुलगा पुढे वजनं उचलून सशक्त झाला होता. त्या काळी शस्त्रक्रियेनंतर गुडघ्याला अगदी हलका व्यायाम देत. डीलॉर्मने जड वजन दिलं, ते पायरीपायरीने वाढवत नेलं, आणि १९४५ साली निष्कर्ष छापले. सुरुवातीला तो सात ते दहा सेट करून घेई. पण १९४८ साली वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर लिहिलेल्या लेखात त्याने ते तीनवर आणले, कारण तेवढ्याने भागत होतं. या पद्धतीचा जनकच सेट कमी करतो, तिथे आपण पहिल्या महिन्यात वीस-वीस सेट कशासाठी करायचे?

वजन पायरीपायरीने वाढवणं हा मात्र या व्यायामाचा प्राण आहे, आणि काटेकोरपणा लागतो तो इथे. त्यासाठी एक साधी वही पुरते. तारीख, व्यायाम, किलो, रेप्स. समजा स्क्वॉटला २० किलो घेऊन ८, ८, ७ झाले. पुढच्या वेळी ९, ८, ८. तिन्ही सेटमध्ये १२ झाले की अडीच किलो वाढवायचे आणि पुन्हा आठापासून सुरू करायचं. बसणं, ढकलणं, ओढणं, कमरेतून वाकून उचलणं अशा चार-पाच हालचाली पुरे आहेत. पाऊण तासात आटोपतं. अगदी नवीन असाल तर बारबेलही नको. मागे एक स्टूल ठेवा, छातीशी एक डंबेल धरा, कुल्ले मागे नेत बसा, बूड टेकलं न टेकलं तोच उठा. टाचा जमिनीवरून सुटता कामा नयेत, गुडघे आत वळता कामा नयेत, पाठीला बाक येता कामा नये. यातलं काहीही बिघडलं की तो रेप वहीत धरायचा नाही. ही शिस्त पहिल्या दिवसापासून हवी, कारण हलक्या वजनावर अंगवळणी पडलेली चूक पुढे जड वजनावर कंबर धरायला लावते.

उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी शे-दोनशे बैठका मारणं हा धोका आहे. दुसऱ्या दिवशी अंग आंबणं स्वाभाविक आहे, दोन-चार दिवसांत ते जातं. पण स्नायू कमालीचे सुजले, वेदना असह्य झाल्या आणि लघवी गडद तपकिरी होऊ लागली, तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतले घटक मूत्रपिंडावर येत असतात. अशा वेळी तडक रुग्णालय गाठायचं. सेट संपवताना अजून दोन रेप्स निघाले असते असं वाटत असतानाच थांबलात, तर ही वेळ सहसा येत नाही. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आता जेवण. नवशिक्याने जेवणात एकाच गोष्टीचा हिशेब ठेवावा, प्रथिनांचा. आपल्याकडे त्यांचीच सगळ्यांत जास्त हेळसांड होते, आणि ती लागतात स्नायूंना, ज्यांची आपल्यात मुळातच उणीव असू शकते. २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्यावर बरोबरीने उतरणाऱ्या भारतीय माणसात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, हे याहून नेटकं कुणी दाखवलेलं नाही. मधुमेहाचा धोका बारीक दिसणाऱ्यालाही असतो तो बऱ्याच अंशी यामुळे. म्हणून आपल्या माणसाने ‘वजन किती उतरलं’ याआधी ‘स्नायू किती कमावला’ हे विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार साध्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन उचलणाऱ्यांवरच्या ४९ अभ्यासांचा आढावा २०१८ साली घेतला गेला, तेव्हा साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे जादा प्रथिनांचा स्नायूंना फारसा फायदा दिसला नाही. म्हणजे ६० किलोच्या माणसाला जास्तीत जास्त ९६ ग्रॅम, आणि नवशिक्याने ७०-७५ गाठले तरी उत्तम. आता घरचं ताट बघू. सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण, रात्री भाकरी किंवा भात-आमटी, दिवसाचे दोन चहा: सगळं मिळून चाळिशीच्या आसपास. उरलेलं भरून काढायला वेगळा स्वयंपाक लागत नाही. पोह्यांबरोबर दोन अंडी, १२ ग्रॅम. पातळ वरणाऐवजी मटकीची घट्ट उसळ, पाच-सहा ग्रॅम जास्त. संध्याकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे, सात. ग्लासभर दूध, सहा. अंडी न खाणाऱ्याने भाजीत ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या टाकल्या की १५ ग्रॅम येतात. मासे-चिकन खाणाऱ्यांचा हिशेब याहून लवकर जुळतो. अंड्यातला बलक तर निरोगी माणसाने टाकूच नये. जवळजवळ निम्मं प्रथिन त्यातच असतं.

व्यायामानंतर अर्ध्या तासात प्रथिनांची पावडर घेतली नाही तर मेहनत वाया जाते, ही भीतीही सोडून द्यावी. २०१३ सालच्या आढाव्यात दिवसभराची एकूण प्रथिनं सारखी धरल्यावर वेळेमुळे पडणारा फरक उरला नाही. व्हे पावडर वाईट नाही. चीज किंवा पनीर करताना जी निवळी उरते, तिच्यातलंच ते प्रथिन. जेवणातून भागत नसेल तर खात्रीच्या दुकानातून पक्कं बिल घेऊन आणावी. पण जिममध्ये कुणी बिनलेबलची गोळी किंवा इंजेक्शन पुढे केलं, तर तिथे रेसभरही सूट नको. स्टेरॉइडमुळे शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद पडतं, वंध्यत्व येऊ शकतं, हृदयाला इजा होते. विशीतली मुलं चार महिन्यांच्या घाईपायी हे पत्करतात.

खाण्यात टोकाचा कडकपणा उलटतो कसा, यावर १९७५ साली हर्मन आणि मॅक यांनी एक प्रयोग केला. विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला आणि मग चव घेण्याच्या निमित्ताने हवं तेवढं आइस्क्रीम. एरवी मनसोक्त खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. नेहमी खाण्यावर बंधन घालणाऱ्या मुलींनी मात्र उलट जास्त खाल्लं. नियम मोडलाच होता, मग हात आखडायला कारण उरलं नाही. आठवडाभर उपाशी आणि रविवारी ‘चीट डे’, या पद्धतीत हीच गत होते. त्यापेक्षा रोजच्या जेवणात दोन घास भात आणि सणाला एक करंजी बसवलेली बरी.

आणि दिवाळी तर आलीच. लाडू-चकलीच्या चार दिवसांनंतर काटा दोन किलो वर गेलेला दिसतो, तो बहुतांशी पाण्याचा भार असतो. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात करतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. मिठामुळे त्यात आणखी भर पडते. एक किलो चरबी चढायला सुमारे ७,७०० कॅलरी जादा खाव्या लागतात. व्यायामाच्या सुट्टीचीही धास्ती नको. जपानी संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवख्या तरुणांचा एक गट २४ आठवडे सलग बेंच प्रेस करत होता. दुसऱ्या गटाने सहा आठवडे व्यायाम, तीन आठवडे विश्रांती असं आलटूनपालटून केलं. अखेरीस दोन्ही गटांची ताकद आणि स्नायूंची वाढ जवळजवळ सारखीच भरली.

लंडनमध्ये सवयींवर झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगी मुरायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि मधे एखादा दिवस चुकल्याने त्यात काही बिघडलं नाही. तेव्हा भाऊबीज झाली की वही उघडा. मागच्या नोंदीपेक्षा पाच किलो कमी लावून पहिला दिवस हलकाच ठेवा, अंग दुखलं तर दोन दिवस जाऊ द्या. पुढच्या आठवड्यात जुन्या आकड्यावर या. फराळाचा डबा घरात असेल तर असू दे. त्या दिवसाची उसळ आणि अंडी तेवढी चुकवू नका.