विहिरीत आधी दिवा, मग माणूस

९ एप्रिल २०२४ हा गुढीपाडव्याचा दिवस होता. घरोघर गुढ्या उभ्या होत्या आणि त्याच दिवशी विरार पश्चिमेकडील एका मोठ्या खासगी वसाहतीत सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची टाकी साफ करावयास गेलेले चार मजूर गुदमरून मेले. त्यापूर्वी मे २०१९ मध्ये नालासोपाऱ्यात सेप्टिक टाकी साफ करताना तिघे असेच गेले होते. त्याच महिन्यात ठाण्याच्या ढोकाळी भागात आणखी तिघे. अशी वार्ता आली म्हणजे आपल्या शहरात दोन दिवस हळहळ व्यक्त होते आणि मग ‘दुर्दैवी अपघात’ ह्या दोन शब्दांखाली प्रकरण पुरले जाते. आमच्या मते हे दोन्ही शब्द चुकीचे आहेत. जे घडण्याचा संभव आधीपासून ठाऊक असतो, जे टाळण्याचा उपाय हाताशी असतो आणि तो योजण्याचे बंधन कायद्याने घातलेले असते, ते घडल्यावर त्यास अपघात म्हणणे म्हणजे आपला हलगर्जीपणा दैवाच्या माथी मारणे होय.

प्रथम हे मृत्यू होतात कसे, ते पाहू. बंद टाकीत मैला कुजू लागला की हायड्रोजन सल्फाईड, मिथेन व कार्बन डायऑक्साईड हे वायू उत्पन्न होतात. पैकी पहिल्यास सडक्या अंड्यांसारखा वास येतो. परंतु त्याचे प्रमाण वाढले की तो नाकाची घाणशक्तीच बधिर करतो. मजुरास वाटते की वास गेला, म्हणजे धोका गेला. वस्तुतः धोका तेव्हाच पुरता वाढलेला असतो. प्रमाण फार झाले तर एकदोन श्वासांतच माणूस कोसळतो. आपल्या नेहमीच्या हवेत प्राणवायू शेकडा सुमारे २१ असतो, तो १९.५ च्या खाली गेला की ती जागा धोक्याची समजावी. ह्यासाठी मैलाच असावा लागतो असेही नाही. दीर्घकाळ बंद राहिलेल्या लोखंडी टाकीत गंजही प्राणवायू खाऊन टाकतो. म्हणून वालीव, सातिवली, गोखिवरे येथील ज्या कारखानदारांस हा प्रश्न केवळ सफाई कामगारांचा वाटतो, त्यांनी आपल्या आवारातील रसायनांचे पिंप, सांडपाण्याचे हौद व बॉयलर एकदा डोळ्यांखालून घालावेत.

ह्याहून हृदयद्रावक गोष्ट दुसरीच आहे. आत गेलेला गडी ओ देत नाही असे पाहून वरचा सोबती उडी घेतो. तोही परतत नाही, म्हणून तिसरा उतरतो. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षेच्या राष्ट्रीय संस्थेने १९८६ साली दिलेल्या इशाऱ्यात असे नमूद केले होते की, बंदिस्त जागांत मरणाऱ्यांपैकी शेकडा ६० हून अधिक लोक दुसऱ्यास वाचवावयास गेलेले असतात. म्हणजे ज्याच्या अंगी माणुसकी अधिक, तोच आधी मरतो. अशा वेळी उडी घेणाऱ्याचे धैर्य आम्ही वंदनीय मानतो. परंतु ज्याने त्याच्या हाती दोर दिला नाही, त्यास काय म्हणावे?

आता कायदा पाहू. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३६ व्या कलमाने हे सर्व स्पष्ट शब्दांत सांगून ठेवले होते. विषारी वायूचा संभव असलेल्या टाकीत, खड्ड्यात वा नळात कोणासही उतरवावयाचे तर आधी वायू काढून टाकावा आणि जाणकार माणसाने स्वतः तपासून तसा लेखी दाखला द्यावा. नाहीतर उतरणाऱ्यास श्वसनाचे साधन व कमरपट्टा द्यावा आणि त्या पट्ट्याच्या दोराचे टोक बाहेरच्या माणसाने धरावे. मुद्दा साधा होता: आत एक, तर बाहेर दुसरा. २०२० च्या संहितेने २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा घेतली. परंतु कलमे बदलली म्हणून वायूचा स्वभाव बदलत नाही. सेप्टिक टाक्या व गटारे ह्यांस तर २०१३ चा स्वतंत्र कायदा लागू आहे. संरक्षक साधनांवाचून कोणासही अशा धोक्याच्या सफाईस लावण्याची त्याच्या ७ व्या कलमाने मनाई केली आहे. शिक्षा पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि गुन्हा अजामीनपात्र.

‘आम्ही तर काम कंत्राटदारास दिले होते,’ असे सोसायटीचे चिटणीस व कारखान्याचे मालक म्हणतात. त्यांनी ते ७ वे कलम पुन्हा एकदा वाचावे. प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, कोणत्याही रीतीने कामास लावणे त्यात निषिद्ध आहे. ‘मजूर स्वखुशीने उतरला,’ हे दुसरे समर्थन. ज्याच्या घरी संध्याकाळची चूल त्या दिवसाच्या मजुरीवर पेटते, त्याच्या खुशीस खुशी म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग आहे. ‘खर्च परवडत नाही,’ हे तिसरे. व्यापारी वर्गास हिशेब आम्ही शिकवावा असे नाही, तरी एवढे सांगतो की २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली आहे. त्या रकमेपुढे हवा मारणाऱ्या ब्लोअरचे वा वायू मोजणाऱ्या यंत्राचे भाडे ते काय? आणि हिशेबाच्या वहीत जे मांडता येत नाही, ते एका घराचे उजाडणे, ते तर वेगळेच राहिले.

तेव्हा करावयाचे काय? मैला उपसणाऱ्या यंत्राच्या गाडीने काम होत असेल तेथे माणूस उतरवूच नये. उतरविणे अटळच असेल तर झाकणे उघडी टाकावीत, ब्लोअरने हवा खेळवावी, वायू मोजावा, पट्टा व दोर बांधावा आणि वर राखणदार ठेवावा. त्या राखणदारास बजावून सांगावे की काहीही झाले तरी तू उतरावयाचे नाही. दोर ओढावयाचा आणि अग्निशमन दलास बोलवावयाचे. प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने हा नियम वार्षिक सभेत ठराव करून कंत्राटात लिहून घ्यावा. महानगरपालिकेने टाकी साफ करणाऱ्यांची नोंद ठेवून साधने नसलेल्यास काम करू देऊ नये, आणि पोलिसांनी माणूस मेल्यावरच जागे होण्याची रीत सोडावी.

ह्यांत विलायती असे काही नाही. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहावा, तो विझला तर माणूस उतरवू नये, ही आपल्याकडील वडीलधाऱ्यांची रीत होती. आज त्या कंदिलावर विसंबून चालणार नाही, कारण विषारी वायू त्यास कळत नाही आणि मिथेन त्याने पेट घेतो. परंतु रीतीमागील शहाणपण अद्याप खरे आहे. १७३९ साली ह्याच वसईच्या तटाशी मराठ्यांनी शेकड्यांनी प्राण वेचले, ते एका मोठ्या कार्यासाठी. त्यांचे नाव आपण आजही अभिमानाने घेतो. त्याच वसईच्या मुलखात आज माणूस मैल्याच्या टाकीत मरतो, तो कोणत्या कार्यासाठी? पाच-दहा हजार रुपये वाचावेत म्हणून! पुढच्या वेळी आपल्या इमारतीच्या टाकीचे झाकण उघडेल, तेव्हा प्रत्येक वाचकाने खाली जाऊन एवढेच विचारावे: दोर कोठे आहे, आणि त्याचे टोक कोणाच्या हाती आहे? उत्तर मिळाले नाही, तर काम तेथेच थांबवावे. तेवढा अधिकार, आणि तेवढे कर्तव्य, आपणां सर्वांचे आहे.