मधली ओळ

लिहून झालेल्या मजकुरात एखादी ओळ राहून गेली असे ध्यानात आले, म्हणजे ती मध्ये घालावी लागते. एखादी ओळ चुकीची ठरली, तर ती काढून तिच्या जागी दुसरी लिहावी लागते. ही दोन्ही कामे सांगावयास अगदी सोपी आहेत. पाटीवर लिहिणारे लहान मूलही ती करते. परंतु पाटीवरची ओळ जशी बोटाने पुसता येते, तशी ती सर्वत्र पुसता येत नाही. आणि दोन ओळींच्या मध्ये जागाच नसेल, तर तिसरी ओळ बसवावी कोठे, हा प्रश्न राहतोच. लेखनाचे साधन बदलत गेले, तसतसे या प्रश्नाचे उत्तरही बदलत गेले.

दगडावर कोरलेली ओळ बदलणे सर्वांत कठीण. नाशिक शहराच्या नैर्ऋत्येस त्रिरश्मी नावाचा डोंगर आहे. त्यातील लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. वास्तविक ती बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली लेणी आहेत. त्यांपैकी तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत, भिंतीवर, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याच्या दोन आज्ञा ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत कोरलेल्या आहेत. त्यांना सुमारे १९०० वर्षे झाली. पहिली आज्ञा त्याच्या कारकिर्दीच्या १८ व्या वर्षाची आहे. गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालित याला राजा कळवितो की, काखडी गावातील २०० निवर्तने शेत या डोंगरावरील भिक्षूंना दिले आहे. निवर्तन हे जमीन मोजण्याचे त्या काळचे माप होय.

सहा वर्षे गेली. २४ व्या वर्षी दुसरी आज्ञा निघाली. या वेळी गोवर्धनास श्यामक नावाचा अमात्य होता, आणि आज्ञा देताना राजाबरोबर राजमातेचेही नाव आहे. आज्ञेचा आशय असा : पूर्वी आम्ही भिक्षूंना काखडी गावी शेत दिले होते, परंतु ते शेत कोणी कसत नाही आणि गावातही वस्ती नाही, म्हणून नगराच्या सीमेवरील आमच्या राजकीय शेतातून १०० निवर्तने त्यांना देत आहोत. दिलेले दान निरुपयोगी ठरले, ही गोष्ट राजाज्ञेत इतक्या सरळपणे सांगितलेली क्वचितच वाचावयास मिळते.

येथे पहिल्या आज्ञेतील शेताची ओळ बदलणे आवश्यक होते. जुनी अक्षरे छिन्नीने तासून काढता आली असती; पण मग भिंतीस खोलगट डाग पडला असता, आणि मूळ दान कोणते होते हेही कोणास कळले नसते. कारागिरांनी जुन्या ओळींना हात लावला नाही. नवी आज्ञा त्यांनी जुन्या आज्ञेच्या पुढे कोरली. वाचणाऱ्याने दोन्ही वाचाव्या आणि नंतरची खरी धरावी, अशी ही रीत. याच लेण्यात पुढे वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या काळीही असेच घडले. भिक्षूंना दिलेल्या सुदिसण गावाच्या बदल्यात सामलिपद हे गाव त्यांना देण्यात आले, आणि ती आज्ञाही स्वतंत्रपणे कोरली गेली. रीत सुरक्षित खरी, पण तिच्यात एक उणीव आहे. जो मनुष्य पहिलीच आज्ञा वाचून परत फिरेल, तो ओसाड गावातील शेत शोधीत जाईल.

हातांनी लिहिलेल्या पोथीत काम थोडे सुकर झाले. बोरूने लिहिताना चूक झाली, म्हणजे लेखक त्या अक्षरांवर हरताळ नावाच्या पिवळ्या खनिजाचा लेप देई, आणि तो वाळला की त्यावर योग्य अक्षरे लिही. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तेथूनच आला आहे. राहून गेलेली ओळ मात्र मध्ये बसविणे शक्य नसे. मग जेथे ती हवी, तेथे कावळ्याच्या पावलासारखी एक लहानशी खूण करीत. तिला काकपद म्हणत. राहिलेला मजकूर पानाच्या समासात लिहीत, आणि तो कितव्या ओळीत घ्यावयाचा, हे कळावे म्हणून पुष्कळदा त्याच्या शेजारी ओळीचा क्रमांकही मांडीत. ओळीचे स्थान क्रमांकाने सांगावयाचे, ही युक्ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

धोका होता तो पुढच्या नकलेत. दुसरा लेखक पोथीची नक्कल करावयास बसला, म्हणजे समासातील ओळ तो आत घेई. पण समासात लिहिलेली प्रत्येक ओळ राहून गेलेलीच असे, असे नाही. एखाद्या वाचकाने स्वतःसाठी केलेले टिपणही तेथे असे. नक्कल करणाराने तेही आत घेतले, की ते मूळ ग्रंथाचा भाग होऊन बसे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये झाली. पुढे सुमारे तीनशे वर्षांत तिच्या पाठांत पुष्कळ फरक पडले. इ. स. १५८४ मध्ये संत एकनाथांनी पैठण येथे ती शुद्ध केली, आणि कोणीही स्वतःची ओवी तिच्यात घालू नये, असा कडक इशारा देऊन ठेविला. मध्ये घातलेली एक ओळ किती अनर्थ करू शकते, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते.

छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून ओळी करीत. तेथे ओळ काढणे किंवा घालणे सहज जमे. पण एक ओळ घातली, की पानाची शेवटची ओळ पुढच्या पानावर ढकलावी लागे, त्या पानाची त्यापुढच्या पानावर, आणि असे प्रकरण संपेपर्यंत चाले. म्हणून जाणता मुद्रितशोधक एक शब्द काढावयाचा झाल्यास तेवढ्याच लांबीचा दुसरा शब्द सुचवीत असे.

आता संगणकाकडे वळू. संगणकावर मजकूर लिहिण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या साधनाला एडिटर म्हणतात. त्याच्या पडद्यावर दोन ओळींच्या मध्ये बोट ठेवून लिहू लागले, की खालच्या ओळी आपोआप खाली सरकतात. जणू कागदच ताणला गेला! परंतु संगणकाच्या स्मृतीत कागद नसतो. तेथे लहान लहान खणांची एक लांबच लांब रांग असते, आणि एकेका अक्षराची संख्या त्या खणांत ठेवलेली असते. ओळ संपली हे दाखविण्यासाठीही एक विशेष खूण असते. अशा दोन खुणांमधील अक्षरे म्हणजे संगणकाच्या लेखी एक ओळ. सर्व खण भरलेले असताना मध्ये नवी ओळ घालावयाची, तर तिच्या पुढची सर्व अक्षरे एकेक करून पुढे सरकवावी लागतात. वीस ओळींचे पत्र असेल तर हे क्षणात होते. लाख ओळींच्या ग्रंथात पहिल्याच पानावर ओळ घातली, तर सगळा ग्रंथ हलवावा लागेल.

यावर एक सुरेख तोड आहे. ओळी स्मृतीत कोठेही पडलेल्या असोत. प्रत्येक ओळीजवळ तिच्या पुढच्या ओळीचा पत्ता लिहून ठेवावयाचा. लपवलेल्या चिठ्ठ्या शोधण्याच्या खेळात प्रत्येक चिठ्ठीत पुढच्या चिठ्ठीचे ठिकाण असते, तसेच हे. मध्ये एक नवी चिठ्ठी घालावयाची असेल, तर सगळ्या चिठ्ठ्या हलवाव्या लागत नाहीत. आधीच्या चिठ्ठीत नव्या चिठ्ठीचा पत्ता लिहावयाचा, आणि नव्या चिठ्ठीत पुढच्या चिठ्ठीचा. दोन पत्ते लिहिले, की काम झाले. अर्थात याचीही किंमत मोजावी लागते. पाचशेवी ओळ हवी असेल, तर पहिल्या चिठ्ठीपासून एकेक पत्ता वाचीत तेथपर्यंत जावे लागते.

ओळी घालण्याच्या आणि बदलण्याच्या आज्ञा कशा असतात, हे एका जुन्या एडिटरवरून चांगले कळते. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या संस्थेत केन टॉम्पसन यांनी १९६९ मध्ये ‘एड’ नावाचा एडिटर तयार केला. त्या वेळी पडद्याऐवजी कागदावर छापणारे यंत्र संगणकास जोडलेले असे. सगळा मजकूर एकदम डोळ्यांसमोर नसल्यामुळे ओळीचा क्रमांक हाच खरा आधार. पोथीच्या समासातील क्रमांकाची ही आठवण! एडमध्ये ओळ घालण्याच्या आज्ञा दोन आहेत. ‘आय’ हे अक्षर दिले, तर नवा मजकूर सांगितलेल्या ओळीच्या आधी बसतो. ‘ए’ दिले, तर तिच्या नंतर बसतो. एकच आज्ञा का पुरत नाही? फक्त ‘आधी’ म्हणता येत असेल, तर शेवटच्या ओळीच्या खाली काही लिहिता येणार नाही. फक्त ‘नंतर’ म्हणता येत असेल, तर पहिल्या ओळीच्या वर लिहिण्यासाठी प्रत्यक्षात नसलेल्या शून्य क्रमांकाच्या ओळीचा आधार घ्यावा लागेल. तिसरी आज्ञा ‘सी’. ती सांगितलेली ओळ काढून तिच्या जागी नवा मजकूर ठेवते. नवा मजकूर संपला, हे सांगण्यासाठी एका ओळीवर केवळ एक टिंब द्यावयाचे. चारच ओळी असताना कोणी सातवी ओळ बदलण्यास सांगितले, तर एड काहीही न बदलता केवळ एक प्रश्नचिन्ह छापतो. हे उत्तर फार तुटक आहे. परंतु निमूटपणे भलतीच ओळ बदलण्यापेक्षा ते शतपटीने बरे.

भलतीच ओळ बदलण्याचा प्रसंग कसा येतो, ते आता पाहा. समजा, मजकूर असा आहे :

१. गोदावरीचा उगम ब्रह्मगिरीवर होतो.
२. ती नाशिक शहरातून वाहते.
३. पैठणजवळ तिच्यावर गंगापूरचे धरण आहे.
४. पुढे ती बंगालच्या उपसागरास मिळते.

तिसरी ओळ चुकली आहे. गंगापूरचे धरण नाशिकच्या अलीकडे आहे. पैठणजवळ आहे ते जायकवाडीचे. तपासणाऱ्याने कागदावर दोन सूचना लिहिल्या : पहिल्या ओळीनंतर ‘नाशिकच्या अलीकडे तिच्यावर गंगापूरचे धरण आहे’ ही ओळ घाला; आणि तिसऱ्या ओळीच्या जागी ‘पैठणजवळ तिच्यावर जायकवाडीचे धरण आहे’ ही ओळ ठेवा. दोन्ही सूचना बरोबर आहेत. पण लिहिणाऱ्याने पहिली सूचना पाळताच पुढच्या सर्व ओळींचे क्रमांक एकाने वाढले. आता तिसरी ओळ आहे ‘ती नाशिक शहरातून वाहते’. तो ती काढून टाकतो आणि तेथे जायकवाडी ठेवतो. नाशिक शहर मजकुरातून नाहीसे होते, आणि चुकीची ओळ चौथ्या जागी सुखरूप राहते. यावर साधा उपाय असा, की दुरुस्त्या खालून वर कराव्या. आधी तिसरी ओळ बदलावी, मग पहिलीनंतर नवी घालावी. खालच्या बदलाने वरच्या क्रमांकांस धक्का लागत नाही. एका ओळीच्या जागी एकच ओळ ठेविली, तर क्रमांक ढळत नाहीत. पण एकीच्या जागी तीन ठेविल्या, तर बदलणे आणि घालणे यांत याबाबतीत काहीच फरक राहत नाही.

चूक झालीच, तर ती परत फिरविता यावी, ही पुढची गरज. त्यासाठी काढलेली ओळ कोठेतरी जिवंत राहिली पाहिजे. येथे काही एडिटर जी पद्धत वापरतात, ती पाहून त्रिरश्मीच्या कारागिरांची आठवण होते. बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी १९७४ मध्ये तयार केलेल्या ‘ब्राव्हो’ या एडिटरात ती होती. मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवावयाचा. त्यातील एकही अक्षर हलवावयाचे नाही. नवे जे काही लिहिले जाईल, ते सगळे एका वेगळ्या जागी, एकापुढे एक, शेवटी जोडीत जावयाचे. आणि एका लहान यादीत केवळ क्रम नोंदवावयाचा : मुळातील पहिली ओळ, मग नव्यातील पहिली, मग मुळातील दुसरी, याप्रमाणे. ओळ काढली म्हणजे तिची अक्षरे नष्ट होत नाहीत. यादीतून तिची नोंद तेवढी जाते. नोंद परत घातली, की ओळ परत येते. लेण्यातील वाचकाला जुनी आज्ञा कोणती आणि नवी कोणती, हे स्वतः ठरवावे लागे. येथे ते यादी ठरविते, आणि वाचणाऱ्याला पडद्यावर एकच सलग मजकूर दिसतो.

मात्र ही जुनी ओळ एडिटर उघडा असेपर्यंतच हाताशी असते. मजकूर जतन करताना यादीच्या क्रमाने केवळ चालू ओळी लिहिल्या जातात. एडिटर बंद झाला, की ती यादी आणि काढलेल्या ओळी यांचा बहुधा मागमूस उरत नाही. म्हणून मोठ्या कामात दुरुस्तीपूर्वीची एक प्रत वेगळ्या नावाने आणि तारीख घालून बाजूला ठेवितात.