सायलोसायबिन: नैराश्यावरच्या नव्या उपचाराची परीक्षा

सायलोसायबिन हे अळंबीच्या दोनशेहून अधिक जातींत आढळणारे, भास घडवणारे द्रव्य आहे. मेक्सिकोच्या वाहाका प्रांतातील माझातेक लोक रोगनिवारणाच्या विधींत ही अळंबी फार पूर्वीपासून वापरत आले. १९५८ मध्ये सँडोझ या स्विस कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉफमन यांनी हे द्रव्य अळंबीतून वेगळे काढले. साठच्या दशकात हार्वर्ड विद्यापीठात त्यावर प्रयोग झाले, पण नशेसाठी त्याचा वापर वाढला आणि १९७० मध्ये अमेरिकेने त्यावर कडक बंदी घातली. त्यानंतर संशोधन जवळजवळ ठप्प झाले. ते पुन्हा जोमाने सुरू झाले २००६ मध्ये, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांनी केलेल्या अभ्यासानंतर.

पोटात गेल्यावर सायलोसायबिनचे सायलोसिन होते आणि ते मेंदूतील सेरोटोनिनच्या ठरावीक ग्राहींना चिकटते. चार ते सहा तास रंग, आवाज आणि काळ यांचे भान बदलते. माणूस स्वतःविषयी विचार करतो तेव्हा मेंदूचे जे भाग एकत्र काम करतात, त्यांचा आपसातील ताळमेळ या वेळी विस्कटतो, असे स्कॅनमध्ये दिसले आहे. नैराश्यात मन त्याच त्या विचारांभोवती घुटमळत राहते. ताळमेळ विस्कटल्याने हे चक्र तुटत असावे, असा संशोधकांचा तर्क आहे.

चाचणीत नुसती गोळी देऊन रुग्णाला घरी पाठवत नाहीत. आधी काही बैठका घेऊन त्याची तयारी करून घेतात. औषधाच्या दिवशी तो दिवाणखान्यासारख्या सजवलेल्या खोलीत, डोळ्यांवर पट्टी बांधून, संगीत ऐकत पडून असतो आणि असर ओसरेपर्यंत प्रशिक्षित माणसे त्याच्याजवळ बसून असतात. जे अनुभवले त्याचा अर्थ लावण्यासाठी नंतर पुन्हा बैठका होतात.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दहा देशांतील २३३ रुग्ण होते. नेहमीच्या औषधांनी त्यांचे नैराश्य हटले नव्हते. त्यांना २५, १० किंवा १ मिलिग्रॅमची एकच मात्रा दिली गेली. तीन आठवड्यांनी २५ मिलिग्रॅमच्या गटातील सुमारे २९ टक्के रुग्णांची लक्षणे जवळजवळ नाहीशी झाली होती. १ मिलिग्रॅमच्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. बाराव्या आठवड्यापर्यंत मात्र हा फायदा बराच ओसरला. डोकेदुखी, मळमळ आणि चक्कर हे त्रास अनेकांना झाले आणि काहींच्या मनात आत्महत्येचे विचारही आले. २०२१ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने ५९ रुग्णांवर सायलोसायबिनची तुलना एसिटॅलोप्राम या प्रचलित औषधाशी केली, तेव्हा नैराश्य मोजण्याच्या मुख्य कसोटीवर दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही.

या संशोधनातली मोठी अडचण अशी की, खरे औषध मिळाले की लुटुपुटीचे, हे रुग्णाला लगेच कळते. त्यामुळे आशेचा परिणाम आणि औषधाचा परिणाम वेगळे काढणे कठीण जाते. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असलेल्यांना सहसा चाचण्यांत घेत नाहीत, कारण त्यांचा आजार उफाळण्याची भीती असते.

सायलोसायबिनने बुद्धी तल्लख होते, असाही दावा केला जातो, पण तो नैराश्यावरच्या उपयोगाच्या दाव्याहून कच्चा आहे. असर चालू असताना लक्ष आणि स्मरण उलट मंदावतात. उपचारानंतर नैराश्याच्या २४ रुग्णांची विचारांची लवचीकता काही आठवडे वाढल्याचे २०२१ च्या एका छोट्या अभ्यासात दिसले, पण त्यात तुलनेसाठी लुटुपुटीचे औषध दिलेला गट नव्हता. अगदी सूक्ष्म मात्रा नियमित घेण्याची टूमही निघाली आहे. १९१ जणांनी स्वतःवर केलेल्या प्रयोगात भास घडवणाऱ्या द्रव्यांची अशी मात्रा घेणाऱ्यांना आणि रिकामी कॅप्सूल घेणाऱ्यांना जवळपास सारखेच बरे वाटले.

जुलै २०२३ पासून ऑस्ट्रेलियात नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी अधिकृत मानसोपचारतज्ज्ञ हे औषध देऊ शकतात. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत सायलोसायबिन आहे. ते बेकायदा बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे.