अभियांत्रिकी विज्ञानाचे तत्त्वज्ञान

अभियांत्रिकी विज्ञानाचे तत्त्वज्ञान ही अभियांत्रिकी ज्ञानाचे स्वरूप, ते मिळवण्याच्या पद्धती आणि त्याची विश्वासार्हता यांचा विचार करणारी तत्त्वज्ञानाची शाखा आहे. अभियांत्रिकी म्हणजे केवळ उपयोजित भौतिकशास्त्र, की तिचे स्वतःचे वेगळे ज्ञान असते, हा तिच्यातील मध्यवर्ती प्रश्न होय.

स्वरूप

निसर्गविज्ञान ‘जे आहे’ त्याचे स्पष्टीकरण देते. अभियांत्रिकी ‘जे असावे’ त्याची रचना करते. हा भेद हर्बर्ट सायमन यांनी १९६९ साली ‘द सायन्सेस ऑफ द आर्टिफिशियल’ या ग्रंथात विशद केला. वॉल्टर व्हिन्सेंटी यांनी १९९० मध्ये विमानविद्येच्या इतिहासाच्या आधारे अभियंत्यांचे ज्ञान स्वतंत्र स्वरूपाचे असल्याचे दाखवले. हे ज्ञान पुष्कळदा स्थलसापेक्ष असते. उदा., यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी परिसरातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे मुरमाड जमिनीवर टिकणारा पाया तेथे तसाच टिकेल असे नाही.

कार्यपद्धती

संपूर्ण माहिती हाती येईपर्यंत अभियंत्याला थांबता येत नाही. म्हणून तो वास्तवाचे सोपे प्रारूप मांडतो, काही गोष्टी गृहीत धरतो आणि उरलेल्या अनिश्चिततेसाठी सुरक्षा गुणांक ठेवतो.

कोयना धरणाचे उदाहरण

दख्खनचे पठार पूर्वी भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजले जाई. सातारा जिल्ह्यातील १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाचा आराखडा करताना भूकंपाचा परिणाम धरणाच्या वजनाच्या ५ टक्के इतक्या स्थिर आडव्या बलासारखा मानला होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झालेल्या भूकंपात सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. धरणात नोंदलेला आडवा प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या सुमारे निम्मा व एका दिशेने त्याहूनही अधिक होता. धरण उभे राहिले. मात्र ज्या उंचीवर त्याचा उतार एकदम बदलतो, तेथे भेगा पडल्या. आकडेमोड चुकली नव्हती. अपुरे होते ते गृहीतक. हलणाऱ्या धरणाचा माथा पायथ्यापेक्षा अधिक डोलतो, हे स्थिर बलाच्या प्रारूपात दिसत नव्हते. पुढे धरणाला आधारभिंतींनी बळकटी देण्यात आली आणि देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशाही सुधारण्यात आला.

तात्त्विक महत्त्व

या भूकंपाला जलाशयातील पाणीसाठा कारणीभूत ठरला, असे मत बहुसंख्य अभ्यासक मांडतात. तसे असेल, तर मानवनिर्मित रचना ज्या नैसर्गिक परिस्थितीला धरून आखली जाते, ती परिस्थितीच बदलू शकते. गृहीतके स्पष्टपणे नोंदवणे आणि बांधकाम पूर्ण झाल्यावरही ती पडताळत राहणे, हा म्हणूनच अभियांत्रिकी पद्धतीचा तसेच अभियंत्याच्या नैतिक उत्तरदायित्वाचा भाग मानला जातो.